सायकल, सुट्टी आणि ल्वार नदीचा काठ



आपल्या घरांत सायकल कधी हौसेसाठी आली नाही. ती कामासाठी आली. कुणाच्या सायकलीला दुधाचे कॅन लागले, कुणाच्या कॅरिअरवर गवंडीकामाचे घमेले आणि थापी बसली, कुणी तिच्यावर भाजीची पाटी बांधली. माझ्या सायकलीच्या हॅन्डलला टपालाची पिशवी होती. विदर्भातील एका तालुक्याच्या पोस्टात मी चौतीस वर्षे पोस्टमन होतो. ऊन असो की पाऊस, टपालाचा बटवडा करायचा आणि मनीऑर्डरीचा हिशेब देऊन घरी यायचे. त्यामुळे "लोक सुट्टी काढून, पदरचे पैसे घालून सायकल चालवायला जातात" असे मुलीने सांगितले, तेव्हा मला हसू आले.

आमची मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर फ्रान्सला शिकायला गेली आणि आता तिकडेच ऑर्लेआं नावाच्या शहरात नोकरीला आहे. मी सेवानिवृत्त झाल्यावर तिने आम्हा दोघांना बोलावून घेतले. जून महिना होता. ती म्हणाली, "बाबा, पॅरिसचा मनोरा एका दिवसात पाहून होईल. पण हा देश बघायचा तर सायकलीवरून बघा." अशा रीतीने आम्ही पाच दिवस ल्वार नदीच्या काठाने नव्हेर ते ऑर्लेआं असा प्रवास केला. रोज पस्तीस-चाळीस किलोमीटर. माझ्या बीटवर मी त्यापेक्षा फार कमी फिरत नव्हतो, म्हणून अंतराची भीती वाटली नाही.

ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. एक हजार किलोमीटरहून थोडी जास्त. तिच्या काठाने सायकलींसाठी सुमारे ९०० किलोमीटरचा मार्ग आखलेला आहे. नव्हेरजवळच्या क्यूफी गावापासून तो थेट अटलांटिक समुद्रापर्यंत जातो. काही ठिकाणी फक्त सायकलींचा रस्ता, तर काही ठिकाणी गावाकडची कमी रहदारीची सडक. प्रत्येक फाट्यावर हिरव्या-पांढऱ्या पाट्या आहेत. पाटीवर सायकलीचे चित्र, पुढच्या गावाचे नाव आणि अंतर. भाषा न येणारा माणूसही चुकत नाही. सायकल भाड्याने मिळते. ती एका गावी घ्यायची आणि दुसऱ्या गावी परत करायची, अशीही सोय आहे.

मुलीने स्वतःसाठी साधी सायकल घेतली आणि आम्हा दोघांसाठी टॅन्डम. टॅन्डम म्हणजे दोन सीट आणि दोन पायडलांच्या जोड्या असलेली लांब सायकल. पुढे मी, मागे ही. हिला सायकल येत नव्हती, पण मागे बसून पायडल मारायला ती एका तासात शिकली. पहिल्या उतारावर ती मागून म्हणाली, "जन्मभर तुमच्या सायकलीवर लोकांची पत्रं बसली. आज मी बसले." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच, ते खरेच होते.

नदीचा काठ म्हणजे एक उंच बांध आहे. त्याला तिकडे लव्हे म्हणतात. पुरापासून शेती वाचवावी म्हणून मध्ययुगापासून लोकांनी हे बांध घातले, वाढवले. तरी नदी ऐकत नाही. जुन्या घरांच्या भिंतींवर दगडात रेघा कोरलेल्या दिसतात आणि रेघेपुढे साल लिहिलेले असते : १८४६, १८५६, १८६६. ते तीन मोठे पूर. काही रेघा माझ्या डोक्याच्याही वर होत्या. आपल्या नदीकाठच्या वस्तीत राहिलेल्या माणसाला त्या रेघांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पुढे नदीला लागून कालवा येतो. कालव्याच्या काठचा रस्ता इतका सपाट आणि सावलीचा की वाटावे, हा सायकलवाल्यांसाठीच केला आहे. तसे नाही. तो रस्ता होड्या ओढण्यासाठी होता. माल भरलेली होडी कालव्यात आणि काठावरून तिला ओढणारा घोडा. ज्याला घोडा परवडत नसे तो स्वतः छातीला पट्टा लावून होडी ओढी. कधी त्याची बायको ओढी, कधी मुले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे चालू होते. ब्रिआर गावी तर पुलावरून कालवाच नदी ओलांडतो. १८९६ साली झालेला हा लोखंडी पूल ६६२ मीटर लांब आहे. खाली नदीचे पाणी, वर पुलात कालव्याचे पाणी आणि त्यातून होड्या चालतात. आम्ही सायकली हातात धरून तो पूल चालत ओलांडला. ही म्हणाली, "हे बांधणाऱ्यांची नावं कुठं लिहिली आहेत का?" मजुरांची नावे काही दिसली नाहीत.

आता एक छोटी गोष्ट सांगतो, पण माझ्यासाठी ती सगळ्या प्रवासातली मोठी गोष्ट आहे. तिकडे खेड्यांत दुपारी दुकाने बंद असतात. दुसऱ्या दिवशी आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या आणि जवळ हॉटेल नव्हते. मुलीने सायकल सरळ गावच्या दफनभूमीकडे वळवली. फाटकाच्या आत नळ होता. थडग्यांवरच्या फुलझाडांना पाणी घालण्यासाठी असे नळ प्रत्येक गावी असतात आणि सायकलीवरून फिरणारे सगळे तिथेच बाटल्या भरून घेतात. नळावर 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, एवढेच बघायचे. फाटक उघडे असते. कुणी विचारत नाही, तुम्ही कोण, कुठले.

मी तोटी सोडली आणि मला माझ्या बीटवरचे एक घर आठवले. त्या घरची मनीऑर्डर मी बारा वर्षे नेऊन दिली. पैसे हातात घेत. पाणी मागितले की मात्र ओट्याखाली उभे करून वरून ओंजळीत ओतत. पुढे मी पाण्याची बाटली घरून नेऊ लागलो आणि त्या घरी पाणी मागणे बंद केले. परक्या देशात, परक्या माणसांच्या दफनभूमीत, मी स्वतःच्या हाताने तोटी सोडून पोटभर पाणी प्यालो. बाटल्या भरल्या. तोटी घट्ट बंद केली आणि पुढे निघालो.

मुक्काम आम्ही तंबूत केले. तिकडे बऱ्याच गावांत गावच्या नगरपालिकेनेच चालवलेले तंबूचे मैदान असते. थोड्या पैशांत तंबू ठोकायला जागा, आंघोळीला गरम पाणी, भांडी घासायला मोरी. पंचतारांकित काही नाही, पण स्वच्छ. शेजारच्या तंबूत एक ट्रक ड्रायव्हर आपल्या दोन मुलांना घेऊन आला होता, पलीकडे एक सेवानिवृत्त नर्स एकटीच सायकलीवर फिरत होती. गावच्या कचेरीला तिकडे मेरी म्हणतात. तिच्या दारावर बहुधा तीन शब्द कोरलेले असतात : स्वातंत्र्य, समता, बंधुता. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत हे शब्द मी कितीदा वाचले आहेत. खेड्याच्या कचेरीच्या भिंतीवर, जन्माचा दाखला काढायला येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते बघून बरे वाटले.

सगळे गोडच आहे असे नाही. खेडी ओस पडत आहेत. अनेक ठिकाणी दुकानाच्या काचेवर धूळ, शाळा बंद, तरुण शहरात. मी प्रत्येक गावात पोस्ट शोधत होतो. पिवळी टपालपेटी सापडे, पण काही गावांत पोस्ट बंद होऊन टपालाचे काम गावच्या कचेरीतल्या एका खिडकीवर आलेले. ते पाहून जुन्या पोस्टमनला वाईट वाटणारच.

जियाँ गावापुढे एक दिवस आम्ही नदी सोडून ऑर्लेआंच्या अरण्यात शिरलो. सुमारे ३५,००० हेक्टरचे हे अरण्य. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर सरकारी मालकीचे याहून मोठे अरण्य नाही. ओक आणि पाइन. मधून सरळ रस्ते काढलेले आणि पाच-सहा रस्ते एका चौकात येऊन मिळतात. आत सायकलीच्या चेनचा आवाज तेवढा ऐकू येतो. आज इथे कुणीही यावे, चालावे, सायकल चालवावी. पूर्वी तसे नव्हते. हे अरण्य राजघराण्याचे होते. शिकारीचा हक्क सरदार-जहागीरदारांचा होता. हरणांनी शेत खाल्ले तरी शेतकऱ्याने हरणाला हात लावायचा नाही. १७८९ च्या ऑगस्टमध्ये, राज्यक्रांतीच्या पहिल्याच उन्हाळ्यात, हा खास हक्क रद्द झाला. पुढे राजघराण्याची अरण्ये राष्ट्राची झाली. ज्या वाटेवर शेतकऱ्याच्या पोराने सशासाठी शिक्षा भोगली असेल, त्या वाटेवर मी आणि माझी बायको टॅन्डम चालवत होतो.

पण अरण्य मोकळे झाले म्हणून कामगार तिथे लगेच गेला नाही. जायला वेळ हवा. वेळ मिळायला १९३६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मे-जूनमध्ये फ्रान्समधील सुमारे वीस लाख कामगारांनी संप केला. कितीतरी कारखान्यांत ते आत बसून राहिले. लेआँ ब्लूम यांच्या आघाडी सरकारने जूनमध्ये कायदा करून दोन आठवड्यांची भरपगारी रजा आणि ४० तासांचा आठवडा दिला. लेओ लाग्रांज या तरुण मंत्र्याने सुट्टीवर जाणाऱ्या कामगारांसाठी रेल्वेच्या तिकिटात ४० टक्के सवलत मिळवली. ज्यांना तेही जमले नाही ते सायकलींवर निघाले. नवरा पुढे, बायको मागे, टॅन्डमवर तंबू आणि भांडी बांधलेली, असे त्या काळचे फोटो मुलीने मला दाखवले. पुढे ही रजा १९५६ मध्ये तीन, १९६९ मध्ये चार आणि १९८२ मध्ये पाच आठवड्यांची झाली. आजही तिथे कित्येक गरीब घरांना सुट्टीवर जाणे परवडत नाही. पण रजा हा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नाही, हे तिथल्या प्रत्येक कामगाराला ठाऊक आहे.

आणि आपल्याकडे? आपल्या कारखान्यांतील कामगारांना भरपगारी सुट्टीचा हक्क १९४५ च्या कारखाना कायदा दुरुस्तीने मिळाला. बारमाही चालणाऱ्या कारखान्यात वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवस. ते विधेयक मांडणारे मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. म्हणजे हा हक्क आपल्याला परका नाही.

माझे वडील जिनिंग कारखान्यात होते. त्यांच्या तोंडी रजा हा शब्द आला की आम्ही समजायचो, कुणी तरी वारले किंवा कुणी तरी दवाखान्यात आहे. आईबरोबर दोन दिवस नुसते नदीकाठी बसायला त्यांनी कधी रजा काढली नाही. तसे करता येते, असे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. ते गेले तेव्हा त्यांच्या कपाळावर आराम केल्याची एकही खूण नव्हती. मी त्या अरण्यात त्यांचाच विचार करत होतो.

ज्यांची मुले तिकडे आहेत आणि ज्यांना जाणे होईल, त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी. गिअरची सायकल घ्या, वयाची लाज बाळगू नका. गिअरला नावे ठेवणारे तिकडेही होते. सेंत-एतिएन गावचे पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) यांनी १८८७ पासून सायकलीचे मासिक चालवून सायकल-भ्रमंतीचा प्रसार केला आणि गिअरचा आयुष्यभर पुरस्कार केला. तूर द फ्रान्स शर्यतीत मात्र गिअर बदलण्याच्या आजच्या यंत्राला १९३७ साली परवानगी मिळाली. साँसेरच्या चढावर माझ्या गुडघ्यांनी व्हिव्हीसाहेबांचे आभार मानले. बारा वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे. रात्री गावाबाहेर चकाकणारे जाकीट हवे. मोटारीने गावाबाहेर सायकलीपासून दीड मीटर अंतर ठेवावे असा नियम आहे आणि बहुतेक जण तो पाळताना दिसले. सप्टेंबरनंतर शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा अरण्यात जाण्याआधी चौकशी करा. रविवारी दुपारनंतर दुकाने मिळत नाहीत, पाव आधीच घेऊन ठेवा.

ज्यांना फ्रान्सला जाणे होणार नाही, त्यांनाही माझे सांगणे आहे. आपल्या तालुक्यातही नदी आहे, तलाव आहे, सावलीचा रस्ता आहे. डबा बांधून घरच्या माणसांना घेऊन एक दिवस जायला फार पैसा लागत नाही. लागते ती रजा, आणि रजा मागताना मान खाली न घालण्याची सवय. रजेच्या अर्जात कारणाची एक ओळ असते. आपण तिथे आजार लिहितो, लग्न लिहितो, मयत लिहितो. या वर्षी एकदा तरी तिथे खरे कारण लिहा : "कुटुंबासह फिरायला जायचे आहे."