पाय धुवायचे पाणी

'सेवा' या शब्दाभोवती आपण एक चित्र नकळत रंगवलेले असते. देणारा उभा, घेणारा हात पसरून बसलेला, आणि कौतुक मात्र उभ्याचे. 'मिशन' हा शब्द लॅटिनमधील 'पाठवणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला आहे. पाठवलेला माणूस काही द्यायलाच जातो, असे आपण गृहीत धरतो. लूककृत शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात मात्र येशू ७० शिष्यांना (काही हस्तलिखितांत ही संख्या ७२ आहे) गावोगाव पाठवतो, तेव्हा थैली, झोळी, वहाणा यांपैकी काहीच बरोबर घेऊ देत नाही. एकाच घरी राहावे, पुढ्यात येईल ते खावे, अशी सूचना. शिष्यांनी लोकांच्या दारी जायचे ते दाते म्हणून नव्हे, तर गरजू पाहुणे म्हणून.

या अध्यायाचा अर्थ मला कोणत्याही भाष्यापेक्षा नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात अधिक उलगडला. पुण्यातील आमच्या मंडळीतर्फे आम्ही आठ जण तेथील एका पाड्यावर सहा दिवस गेलो होतो. सकाळी मुलांचे वर्ग आणि संध्याकाळी उपासना, असा कार्यक्रम होता. आमचे यजमान मावची भाषा बोलणारे ख्रिस्ती शेतकरी. कुडाच्या भिंतींचे, कौलारू छपराचे त्यांचे घर. दारात पोहोचताच घरधन्याने स्वतः तांब्या उचलला आणि एकेकाच्या पायांवर पाणी घातले. त्यात समारंभ नव्हता. उन्हातून आलेल्या माणसाचे पाय धुळीचे असतात, एवढेच त्यामागचे कारण.

पहिल्या रात्री जेवण तयार होते, आम्ही ओळीने बसलोही होतो. पण घरच्या बाईंनी पहिली थाळी वाढली ती आमच्यासाठी नव्हे. मुलीने ती उचलून शेजारच्या झोपडीत एका अंध म्हातारीला नेऊन दिली. मुलगी परत आल्यावर आमची पाने वाढली गेली. रोज हाच क्रम होता. आम्ही नसताना तो असाच असणार, आणि आम्ही गेल्यावरही. आमची सेवा सहा दिवसांची होती, तिला वेळापत्रक होते. त्यांच्या सेवेला नावच नव्हते. घरातल्या दोन्ही खाटा आम्हाला देऊन नवराबायको अंगणात निजत, हे तिसऱ्या दिवशी कळले. तेही कोणी सांगितले म्हणून नव्हे. पहाटे लवकर जाग आली म्हणून.

योहानकृत शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा पेत्र पाय मागे घेतो. वर्गात आपण नम्रतेचा धडा येशूच्या कृतीत शोधतो, आणि ते योग्यच आहे. पण पेत्राच्या नकाराकडेही पाहायला हवे. आपले पाय कोणी धुवावेत, हे त्याला सहन होत नाही. सेवा करवून घेताना आपण धुळीचे आहोत, हे मान्य करावे लागते.

आपल्या समाजात हा प्रश्न केवळ मनाचा नाही. कोणाच्या हातचे घ्यावे आणि कोणाच्या हातचे घेऊ नये, यावर जातीची सारी उतरंड उभी राहिली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या वर्षांतील त्यांचे मनःपरिवर्तन 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना परिचित आहे. धर्मविचाराइतकाच तेथे अन्नपाण्याचा प्रश्न आहे. दान वरून खाली देता येते, आणि देणारा वरच राहू शकतो. दुसऱ्याच्या हातचा घास घेतला की मात्र ती पायरी उरत नाही. म्हणून 'पुढ्यात येईल ते खा' ही सूचना मला शिष्टाचाराची वाटत नाही; सुवार्तेचा तो गाभाच आहे.

निघताना यजमानांनी तूरडाळीची पिशवी पुढे केली. नवापूरच्या डाळीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. बाजारात तिला चांगला भाव मिळाला असता. आमच्यातले काही जण संकोचले, इतक्या लोकांकडून कसे घ्यायचे, असे कुजबुजले. तेवढ्यात आमच्यातल्या सर्वांत वडील बाई पुढे झाल्या. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाल्या, "दादा, रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना जेवू घालीन." यजमान प्रथमच मोकळेपणाने हसले. सहा दिवसांत आम्ही त्यांना दिलेली ती बहुधा सर्वांत मोठी गोष्ट होती.