आजीची गंगाजळी

आमच्या आजीने शाळेची पायरीही चढलेली नाही. घरी मराठी, बेळगावच्या बाजारात कानडी. हिशेब तोंडी, पण चोख. कॉलेजात गेल्यावर मी तिला एकदा 'अडाणी' म्हणालो होतो.

वयाच्या ७८व्या वर्षी ती माझे नाव विसरू लागली. सी. टी. स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, "रक्तदाबाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जागोजागी बंद पडल्या आहेत. हे बरेच जुने दिसते. इतके दिवस निभावले कसे?"

पुढे एक माहिती वाचनात आली. हैदराबादला ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची पाहणी झाली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. एकभाषिकांपेक्षा द्विभाषिकांत हा विकार सरासरी ४.५ वर्षे उशिरा दिसला. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या प्रकारातही फरक दिसला, निरक्षरांतही दिसला. शास्त्रज्ञ म्हणतात, शिक्षणाने, भाषांच्या वापराने मेंदूत गंगाजळी साठते. पडझड सुरू झाली की ती उपयोगी पडते. मात्र ती अक्षय नव्हे. रक्तदाबाची गोळी चुकवून चालत नाही.

परवा दारात भाजीवाली आली. मला न ओळखणारी आजी तिच्याशी कानडीत घासाघीस करू लागली. मी मुकाट्याने पिशवी धरून उभा राहिलो. अडाणी कोण, ते मला कळले होते.