वाटेतली जोखीम कोणाची?

रोमच्या विमानतळाला लिओनार्दो दा विंचीचे नाव दिलेले असले, तरी तो आहे फ्युमिचिनो या गावाजवळ. भूमध्य समुद्राच्या जलसफरीस निघालेल्या अनेक भारतीय कुटुंबांचे युरोपातील पहिले पाऊल येथेच पडते. त्यांच्या माहितीपुस्तिकेत ‘रोमहून प्रस्थान’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. परंतु प्रवासी जहाजे रोम शहरातून सुटत नाहीत. ती सुटतात चिव्हितावेक्किया या बंदरातून, आणि हे बंदर विमानतळापासून वायव्येस साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. पुस्तिकेत न छापलेल्या या अंतरातच पुष्कळदा साऱ्या सहलीचे भवितव्य ठरते.

सांगलीच्या एका हळद-व्यापारी कुटुंबाने अशी सफर ठरविली. निमित्त होते अण्णा आणि आजींच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचे. मुलगा, सून, दोन नातवंडे आणि हे उभयता अशी सहा माणसे निघणार होती. मे महिन्याची अखेर, मुलांना सुटी, आणि आजींनी तर समुद्र पाहिला होता तो केवळ गणपतीपुळ्याच्या वाळूवरून.

मुलाने आराखडा आखला. विमान दुपारी सव्वाबाराला उतरणार. तपासणी आणि सामान यांस एक तास. मोटारीने बंदर गाठण्यास आणखी एक तास. म्हणजे अडीचच्या आत बंदर. जहाज पाच वाजता सुटणार होते आणि प्रवाशांची नोंदणी साडेतीनला बंद होणार होती. तासभर हाताशी राहत होता आणि एका रात्रीचा हॉटेलखर्च वाचत होता.

अण्णांनी कागद पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, “वाटेतली जोखीम कोणाची?”

पेढीवर आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रश्न सुचणे स्वाभाविक होते. माल वखारीतून निघाला म्हणजे तो पोहोचला असे होत नाही. बिल्टी कोठून कोठपर्यंतची आहे, पावसात पोती भिजली तर भरपाई कोण देणार, हे आधी ठरवावे लागते. अण्णांनी तोच नियम माणसांना लावला. विमान कंपनीची बिल्टी सामानाच्या पट्ट्यापाशी संपते. जहाज कंपनीची बिल्टी बंदरातील नोंदणीच्या खिडकीपाशी सुरू होते. मधले साठ-पासष्ट किलोमीटर कोणाच्याच बिल्टीवर नाहीत. ती जोखीम प्रवाशाची स्वतःची.

मुलाने करारपत्र पुन्हा वाचले, तेव्हा तेथेही हेच लिहिलेले आढळले. विमान आणि मोटार जहाज कंपनीकडूनच घेतली असती, तर विलंब झाल्यास प्रवाशाला जहाजापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था तिने पाहिली असती. तिकिटे स्वतंत्र काढली, तर चुकलेल्या जहाजाचे पैसे परत मिळणार नव्हते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो. पण तो आजारपणाचा विमा. जहाज चुकल्याची भरपाई त्यात असेलच असे नाही. ते कलम वेगळे पाहून घ्यावे लागते. सुटलेले जहाज पुढच्या बंदरात गाठता येते, हेही अर्धेच खरे आहे. पुढचा मुक्काम नेपल्सला असला, तर रोमहून वेगवान आगगाडीने सव्वा तासाच्या आसपास तेथे जाता येते. तो ग्रीसच्या एखाद्या बेटावर असला, तर नवे विमान, नवा खर्च, आणि कंपनीची परवानगी मिळेपर्यंत जिवाला घोर.

कुटुंबाने एक दिवस आधीचे विमान घेतले आणि चिव्हितावेक्किया येथे एका रात्रीसाठी खोल्या ठरविल्या. मुक्काम विमानतळाजवळ न करता जहाजाजवळ करावा, हा अण्णांचा दुसरा आग्रह होता. जोखमीची वाट आदल्या दिवशीच सरून जावी, हा त्यामागील हिशेब.

सामान बांधतानाही काही निर्णय घ्यावे लागले. सातारचे कंदी पेढे आणि साजूक तुपाची बरणी आजींनी वेगळी काढून ठेवली होती. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ आत नेण्यास मनाई असल्याने ती घरीच राहिली. जहाजावर आगीच्या भीतीने विजेची किटली, शेगडी आणि इस्त्री चालत नाही, तीही वगळली. खाखरे, लसूण न घातलेले भडंग आणि शेंगांची चटणी हातातल्या पिशवीत गेली. त्याच पिशवीत पारपत्रे, औषधे आणि प्रत्येकाचा एकेक कपड्यांचा जोड ठेवला. बंदरावर मोठ्या बॅगा हमालांच्या स्वाधीन कराव्या लागतात आणि त्या खोलीच्या दाराशी येईपर्यंत संध्याकाळ होऊ शकते, हे सुनेने चौकशी करून ठेवले होते.

मुंबईहून निघालेले विमान आखाती शहरात उशिरा पोहोचले आणि रोमला जाणारे पुढचे विमान निघून गेले. तिकीट एकच असल्याने विमान कंपनीने त्यांना दुसऱ्या विमानात बसविले. सव्वाबाराऐवजी ते पावणेसातला फ्युमिचिनोला उतरले. पारपत्र-तपासणीची रांग संपेपर्यंत पावणेआठ झाले. पट्टा फिरत राहिला. पाच बॅगा आल्या, सहावी आली नाही. मेअखेरीस रोमला सूर्य साडेआठनंतर मावळतो. आजींचे लक्ष पट्ट्यावरून काचेबाहेरच्या उन्हाकडे गेले. त्यांनी पिशवी उघडली आणि तेथेच बाकावर सर्वांनी सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले. दिवाळीच्या सुटीत हाच प्रवास केला असता, तर येथे सूर्य पाचच्या सुमारासच मावळला असता.

मुलगा हरवलेल्या बॅगेची तक्रार नोंदवू लागला. अर्जात त्याने हॉटेलचा पत्ता दिलाच, शिवाय जहाजाचे नाव आणि पुढील प्रत्येक बंदराची तारीखही लिहिली. घराचा पत्ता पुरेसा नसतो. कारण बॅग सापडेपर्यंत प्रवासी समुद्रावर असतो. बाहेर आधी ठरविलेली मोठी गाडी उभी होती. विमान बदलल्याबरोबर सुनेने नवा क्रमांक कळविला होता, म्हणून चालक थांबला होता. काळोखातून गाडी उत्तरेकडे निघाली आणि साडेदहाच्या सुमारास सर्वांनी चिव्हितावेक्कियाच्या हॉटेलात पाठ टेकली.

ज्या वाटेने ते आले, ती वाट मालाच्या आणि माणसांच्या चढ-उताराची फार जुनी साक्षीदार आहे. आजचा विमानतळ आहे तेथेच शेजारी रोमन सम्राट क्लॉडियसने पहिल्या शतकात बंदर बांधले होते. पुढे सम्राट ट्राजनने त्याच्या आतल्या बाजूस षटकोनी गोदी खणली; तिची प्रत्येक बाजू सुमारे ३५० मीटर लांब आहे. नदीच्या गाळाने किनारा पुढे सरकला, बंदर बुजले. परंतु षटकोनी तळे अजून आहे आणि कधीकधी उतरत्या विमानाच्या खिडकीतून दिसते. रोमचे धान्य येथे उतरत असे. चिव्हितावेक्कियाचे बंदरही ट्राजननेच बांधविले. ते बांधले जात असताना समुद्रात शिळा टाकून लाटा अडविणारे बेट कसे उभे राहत होते, याचे वर्णन धाकट्या प्लिनीने पत्रात लिहून ठेवले आहे.

या व्यापारात महाराष्ट्राचाही वाटा होता. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात पैठण आणि तेर येथील माल गाड्यांवर लादून भडोचला जात असल्याची नोंद आहे. भारतातून निघालेला माल तांबड्या समुद्रावरील बंदरात उतरे, उंटांवरून वाळवंट ओलांडे आणि नाईल नदीतून अलेक्झांड्रियाला पोहोचे. व्हिएन्ना येथे जतन केलेल्या दुसऱ्या शतकातील एका पपायरसावर अशा व्यवहाराचा कर्जकरार आहे. केरळच्या किनाऱ्यावरील मुझिरिस बंदराशी त्याचा संबंध आहे. विशेष हे, की जहाजातून उतरलेला माल विश्वासू उंटवाल्याच्या हाती द्यावा, वाटेत पहारा असावा, पुढे वखारीत तो मोहोरबंद ठेवावा, अशी मधल्या टप्प्याची कलमे त्यात काळजीपूर्वक घातलेली आहेत. एक वाहन सोडून दुसरे धरेपर्यंतच्या वाटेवर नुकसान होते, हे त्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. सांगलीच्या पेढीवरचा प्रश्न असा अठरा-एकोणीसशे वर्षे जुना निघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की बॅग रात्रीच्या विमानाने आली आहे. मुलगा एकटाच आगगाडीने निघाला. चिव्हितावेक्कियाहून रोमच्या त्रास्तेव्हेरे स्थानकापर्यंत एक गाडी, तेथे बदलून विमानतळाची दुसरी. छापील तिकिटावर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्राचा शिक्का. आदल्या रात्री काळोखात जे दिसले नव्हते, ते आता दिसले. सांता मारिनेल्लापाशी रूळ समुद्राच्या अगदी जवळ येतात, आणि सांता सेव्हेराचा किल्ला पाण्याच्या काठाशीच उभा आहे. बॅग घेऊन तो साडेबाराला परत आला. याच दिवशी सव्वाबाराला उतरण्याचा आराखडा त्याने आखला होता. आदल्या दिवसाचा विलंब आज घडला असता, तर ते सारे पावणेसातला उतरले असते, जहाज सुटल्यानंतर पावणेदोन तासांनी. ही वजाबाकी त्याने मनातल्या मनात केली आणि कोणाला सांगितली नाही.

तोपर्यंत अण्णा, आजी आणि नातवंडे बंदराजवळचा किल्ला बाहेरून पाहून आली होती. पोप दुसरा ज्युलियस याने १५०८ मध्ये तो सुरू करविला; रचना ब्रामान्तेची असली, तरी नाव मात्र मिकेलांजेलोचे लागले आहे. जेवणाच्या वेळी आजीच्या मदतीला नातीने पाठ केलेले शब्द आले, ‘सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा आल्यो’, कांदा नको, लसूण नको. पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असते, म्हणून त्यालाही नकार दिला. टोमॅटोच्या साध्या पास्त्यावर सर्वांचे भागले.

दीड वाजता लार्गो देल्ला पाचे येथून बंदराच्या बसने ते जहाजापाशी पोहोचले. बॅगांना चिठ्ठ्या लागल्या, पारपत्रे पाहिली गेली. जैन भोजनाची मागणी महिनाभर आधी कळविली होती, तरी सुनेने प्रथम उपाहारगृहाच्या प्रमुखाला भेटून ती पुन्हा पक्की केली. पाच वाजता दोर सुटले. आजी कठड्याशी उभ्या होत्या. प्लिनीने ज्याच्याविषयी लिहिले, त्या प्राचीन बंदराजवळून जहाज सरकले आणि किनारा हळूहळू मागे गेला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग अण्णांना म्हणाल्या, “आता कुठे सहल सुरू झाली.”

रात्री अण्णांनी नेहमीच्या वहीत खर्च मांडला. चिव्हितावेक्कियाच्या खोल्यांचे भाडे लिहिताना मुलाने विचारले, “हे कोणत्या खाती टाकायचे, अण्णा? मुक्कामाच्या?”

अण्णांनी मान हलविली आणि रकमेसमोर लिहिले : विमा.