ओडियनच्या दारातल्या चपला

आम्ही घाटकोपरकर. आमचे वैभव म्हणजे ओडियन थेटर! १९७५ साली सारी मुंबई ‘शोले’साठी वेडी झाली होती. मलाही तोच पाहायचा होता. पण आईने तिकिटे काढली ‘जय संतोषी माँ’ची. त्या बोलपटाला बायका चपला काढून थेटरात शिरत, पडद्यावर फुले नि नाणी उधळीत. आईनेही दारातच चपला काढल्या. समोर माझे दोन वर्गमित्र उभे! मी झटकन् चार पावले पुढे झालो. जणू ही बाई माझी कुणीच नव्हे.

आई काही बोलली नाही. मध्यंतरात पदराची गाठ सोडून तिने मला बटाटेवडा घेऊन दिला; तिचा स्वतःचा शुक्रवारचा उपवास होता.

आज एकपडदा थेटरे विरळ झाली. आईही नाही. तो वडा मात्र अजून घशाखाली उतरलेला नाही.