सावंतवाडी ते शिरोडा : सावकाश पाहण्याचा किनारा

घरातील ज्येष्ठांना घेऊन प्रवासाला निघायचे म्हटले की बहुतेक कुटुंबांत दोनपैकी एक विचार होतो. एक तर चार दिवसांत बारा ठिकाणे बसवलेली सहल आखली जाते आणि आजी-आजोबा गाडीतच बसून राहतात, नाहीतर "त्यांना आता कुठे झेपणार?" असे म्हणून त्यांना घरीच ठेवले जाते. दुसरा विचार मायेपोटीच झालेला असतो, यात शंका नाही. परंतु बाहेर जाणे थांबले की चालणे कमी होते, चालणे कमी झाले की पायांतील बळ ओसरते, आणि बळ ओसरले की बाहेर पडण्याची भीती वाढते. या चक्रात सापडलेल्या कितीतरी घरांत आजारापेक्षा भीतीच अधिक घर करून बसलेली आढळते. जवळच्या जवळ, एका दिवसापुरते, थांबत थांबत फिरणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. त्यासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी, वेंगुर्ले आणि शिरोडा हा टापू मला फार सोयीचा वाटतो.

याचे पहिले कारण अंतर. मुक्काम सावंतवाडीत ठेवला तर वेंगुर्ल्याचा किनारा तीसेक किलोमीटरच्या आत आहे, आणि मळेवाडमार्गे शिरोडाही तितकाच जवळ. कोणत्याही टप्प्यात तासाभराहून अधिक काळ गाडीत बसावे लागत नाही. सामानाची रोज बांधाबांध नाही, रोज नवी खोली नाही, रात्री उठल्यावर स्वच्छतागृह कोणत्या बाजूला हा गोंधळ नाही. स्मृती किंचित अधू झालेल्या व्यक्तीला तर एकाच खोलीत परतण्याचा फार मोठा आधार असतो. रेल्वेने येणाऱ्यांसाठी 'सावंतवाडी रोड' हे स्थानक मळगावला, शहराबाहेर काही किलोमीटरवर आहे. तेथून गाडीची व्यवस्था आधीच करून ठेवावी.

गेल्या पौषात माझ्या आत्याला घेऊन आम्ही येथे पाच दिवस राहिलो. वय 83. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेल्याने डाव्या हाताची पकड कमी झालेली, चालताना काठी. "माझ्यामुळे तुमचा खोळंबा कशाला?" हे तिचे नेहमीचे वाक्य. निघण्याआधी दोन दिवस मी तिच्यापाशी निवांत बसलो तेव्हा खरे कारण बाहेर आले. गुडघे नव्हे, समुद्राचे वारे नव्हे. तिला धास्ती होती ती वाटेत लघवीला जावे लागेल याची. रक्तदाबासाठी ती घेत असलेली सकाळची एक गोळी लघवीचे प्रमाण वाढवणारी होती. वाचकांपैकी अनेकांच्या घरी हेच असेल. लाजेपोटी ज्येष्ठ बोलत नाहीत. निघायच्या दिवशी गोळी परस्पर टाळतात किंवा पाणीच पीत नाहीत. किनाऱ्यावरच्या दमट हवेत यातून चक्कर येणे, रक्तदाब बिघडणे असे त्रास ओढवतात. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. मनाने काही करू नये. आत्याच्या डॉक्टरांनी ती वेळ बदलून दिली. आम्हीही प्रत्येक टप्प्यावर कमोड असलेली जागा कोठे आहे, याची फोनवरून आधीच चौकशी केली होती. एका उपाहारगृहाने "आहे, आहे" म्हणून सांगितले आणि प्रत्यक्षात तीन उंच पायऱ्यांवरचे भारतीय पद्धतीचे शौचकूप दाखवले. तेव्हा चौकशी करताना "कमोड आहे का?" आणि "पायऱ्या किती?" असे दोन वेगळे प्रश्न विचारावेत.

दिवसाची आखणी ऊन पाहून करावी. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तरीही अकरानंतरचे किनाऱ्यावरचे ऊन वृद्धांना सोसत नाही. सकाळी आठला निघून वेंगुर्ल्याचा बंदर परिसर पाहावा. डचांनी सतराव्या शतकात येथे वखार घातली होती आणि तिचे भग्नावशेष अजून उभे आहेत. ते बाहेरूनच पाहणे बरे. दीपगृहाची चढण गुडघेदुखी असलेल्यांनी सोडून द्यावी. खालून दिसणारा समुद्र काही कमी नसतो.

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणारा रस्ता मोचेमाडवरून आरवलीला येतो. कादंबरीकार जयवंत दळवी यांचे हे गाव. रस्त्यालगतच श्री देव वेतोबाचे देऊळ आहे, त्यामुळे फार चालावे लागत नाही. वेतोबाची भव्य उभी मूर्ती पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता ती पंचधातूची आहे. त्या लाकडाचा मान राखून आरवलीत फणसाचे लाकूड इतर कामाला वापरत नाहीत. देव रात्री गावाच्या राखणीसाठी फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला मोठ्या मापाच्या चामडी वहाणा वाहतात, अशी श्रद्धा आहे. देवळात त्या वहाणा पाहताना चर्मकाराच्या हातची घट्ट शिवण जरूर न्याहाळावी. आत्या त्या वहाणांकडे पाहून म्हणाली, "याला बरे आहे. फिरायला कोणी अडवत नाही." आम्ही सगळे हसलो. नंतर गाडीत मात्र थोडा वेळ कोणी बोलले नाही.

शिरोड्याला दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. एक मिठागरे. 1930 च्या मे महिन्यात येथे मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकरांची शिक्षकी कारकीर्दही याच गावातली. भरतीचे पाणी खाडीतून आत घ्यायचे, उथळ वाफ्यांतून पुढे पुढे सरकवत उन्हात आटवायचे आणि शेवटच्या वाफ्यात तळाशी धरलेले खडे ओढून ढीग करायचे, असे हे काम. पावसाळ्यानंतर वाफे नीट करून उन्हाळ्यापर्यंत ते चालते. बांध अरुंद व निसरडे असतात, म्हणून काठी घेऊन त्यांवर जाऊ नये, रस्त्यावरून पाहावे. येथे एक सांगणे आवश्यक आहे. आगरातले खडे मीठ 'औषधी' म्हणून पिशव्या भरून नेण्याची अनेकांना हौस असते. रक्तदाब वाढवणारे सोडियम त्यातही असतेच, आणि बाजारातील आयोडीनयुक्त मिठाप्रमाणे त्यात आयोडीन मिसळलेले असेलच असे नाही. आठवण म्हणून मूठभर न्यावे, रोजच्या स्वयंपाकातील मीठ बदलू नये.

दुसरी गोष्ट वेळागरचा किनारा. लांब, मोकळा, आणि पाठीशी सुरूचे बन. या बनामुळेच मी ज्येष्ठांना येथे न्यावे असे म्हणतो, कारण सावलीत खुर्ची टाकून समुद्र पाहता येतो. कोरड्या मऊ वाळूत पाय रुततो, घोटा वळतो, काठी आत जाते. चाकाच्या खुर्चीचा तर उपयोगच नाही. ओहोटीच्या वेळी पाण्याजवळची ओली वाळू घट्ट असते, तेथे चालणे त्या मानाने सोपे. तरी दोन्ही बाजूंना माणूस हवा, आणि लाटेत घोट्याच्या वर जाऊ नये. परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते व तोल जातो. मधुमेहींनी अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी असेल तर शिंपल्याची धार लागलेली कळतही नाही.

आत्या दुपारी चार वाजता सुरूच्या सावलीत बसली ती सूर्यास्तापर्यंत. नारळपाणी विकणाऱ्या बाईंनी "खंयसून इलात?" म्हणून विचारपूस केली. आम्ही उठायची तयारी करू लागलो तर त्याच म्हणाल्या, "बसा मगे आजी, घाई कित्याक?" मी आणि माझी पत्नी तेवढ्या दीड तासात आळीपाळीने किनाऱ्यावर फिरून आलो. रुग्णाची काळजी घेणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा. सोबतीला दोन माणसे असतील तरच एकाला विसावा मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे. वर्षानुवर्षे अंथरुणाशी बांधल्या गेलेल्या सुनेला वा मुलाला समुद्रावर एकटे फिरण्याची अर्धी घटका ही चैन नव्हे.

आता जेवणाविषयी. येथील घरगुती अन्न वृद्धांना मानवणारे आहे, मात्र निवडून घ्यावे. सकाळी उकड्या तांदळाची पेज मिळाली तर तिच्यासारखा नाश्ता नाही. भात तुसासकट उकडून वाळवल्याने कोंड्यातील काही जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात. पेज पचायला हलकी, शिवाय पाणीही पोटात जाते. सोबत लोणचे किंवा सुके मासे देतात, ते रक्तदाब असलेल्यांनी चवीपुरतेच घ्यावे. पेज मधुमेहींना मात्र वाडगाभर पुरे. घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ हा दुसरा चांगला बेत. घावणे मऊ असल्याने कवळीलाही त्रास देत नाहीत आणि वाटाण्यातून प्रथिने मिळतात. वाटाणा नीट शिजला आहे ना, एवढे पाहावे. मासे खाणाऱ्यांनी कमी काट्यांची सुरमई किंवा पापलेट मागावे. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले चवीला अप्रतिम, पण नजर अधू असलेल्यांना काटे कोणीतरी काढून द्यावेत. सोलकढी ताजी आणि कमी तिखटाची करून मागावी. नारळाचे दूध उकाड्यात लवकर बिघडते, म्हणून सकाळी केलेली सोलकढी संध्याकाळी घेऊ नये. शहाळ्याविषयी सर्वांचाच समज असतो की ते कोणालाही चालते. त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पिऊ नये. इन्सुलिन घेणाऱ्यांचे जेवण ठरल्या वेळी व्हायला हवे, म्हणून खानावळीत पोहोचण्याआधी तासभर फोन करून ताट सांगून ठेवावे. तेथे सगळे ताजे करतात, त्यामुळे वेळ लागतो.

एक दिवस पूर्ण सावंतवाडीसाठी ठेवावा. मोती तलावाच्या काठाने सपाट चालता येते. राजवाड्यात गंजिफांचे काम पाहायला मिळते. भेटीच्या वेळा आधी विचाराव्यात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण 120. ही कला अगदी विझत आली असताना शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जुन्या चिताऱ्यांकडून ती शिकून-शिकवून 1970 च्या दशकात पुन्हा उभी केली. पानावर बारीक कुंचल्याने रेषा ओढणाऱ्या कारागिरासमोर आत्या पाऊण तास बसली होती, हे विशेष. कारण दूरचित्रवाणीसमोर ती दहा मिनिटांत डुलकी घेते.

तेथून चितार आळी. लाकडी खेळण्यांची ही जुनी पेठ. कातकाम केलेले लाकूड फिरते ठेवून त्यावर लाखेची रंगीत कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते. अलीकडे बराचसा माल तयार रंगांनी रंगवलेला असतो. लहान नातवंडे वस्तू तोंडात घालतात, म्हणून रंग कोणता हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. खऱ्या मापाची लाकडी फळे आणि भाज्या ही येथील खासियत. एका दुकानात आत्याने उजव्या हाताने एक वांगे उचलले, निरखले आणि नकळत डाव्या हातात घेतले. ते पडले नाही. तिने परत उजव्या हातात घेतले, पुन्हा डाव्यात. व्यायामासाठी घरी आणलेला रबरी चेंडू ती कधी हातात धरत नसे, तो तिला अपमानासारखा वाटे. आम्ही ते वांगे, एक लिंबू आणि एक आंबा घेतला. घरी ती आता जेवणानंतर त्यांच्याशी हाताचा खेळ करते. पकड किती सुधारली, हे भौतिकोपचार तज्ज्ञच सांगतील. व्यायाम रोज होतो, एवढे मी पाहतो.

गंजिफांचा पूर्ण संच हातरंगाचा असल्याने महाग असतो. तो परवडला नाही तरी खेळ शिकून घ्यायला हरकत नाही. दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा राजा असलेल्याने. अर्ध्या रंगांत दहाचे पान वरचढ, उरलेल्या अर्ध्यांत एकाचे. कोणती पाने खेळून गेली हे लक्षात ठेवावे लागते. आमच्याकडे सध्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांवर नातीने रंगवलेल्या गंजिफांवर काम भागते. तिचे कूर्म आणि वराह सारखेच दिसतात, त्यावरून दर डावाला भांडण होते.