पहिला सेकंद

तर झालं असं, की मागच्या शनिवारी बाबांना घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन जिने चढले की त्यांना धाप लागते. "वय झालं रे" हे ठरलेलं उत्तर. डॉक्टरांनी स्पायरोमेट्री करायला सांगितली. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी आणि समोरची मुलगी ओरडतेय, "जोरात! अजून, अजून, अजून!" बाबा फुंकत राहिले, पण हवा येत होती उन्हाळ्यातल्या नळाच्या पाण्यासारखी. बारीक धार.

निरोगी माणूस छातीतली साधारण तीन-चतुर्थांश हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. बाबांची निम्मीही आली नाही. तीस वर्षांच्या सिगरेटींचा हिशोब एका सेकंदात!

निघताना बाबा त्या मुलीला म्हणाले, "याची पण करून टाका." मी म्हटलं, "मला काय झालंय?" ते काही बोलले नाहीत. फक्त माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं. (घरी कोणाला माहीत नाही, असं मी चार वर्षं समजत होतो. असो.)

रात्री सवयीप्रमाणे शोधाशोध केली. फ्लेचर आणि पेटो या दोघांनी पश्चिम लंडनमधल्या ७९२ कामकरी पुरुषांची फुप्फुसं आठ वर्षं मोजली आणि १९७७ साली निष्कर्ष छापले. फुप्फुसांची ताकद विशी-पंचविशीत शिखरावर असते, मग सगळ्यांचीच हळूहळू उतरते. काही सिगरेटवाल्यांची मात्र भराभर उतरते, आणि पन्नाशी-साठीत धाप लागेपर्यंत त्यांना पत्ताही लागत नाही. सिगरेट सोडली तर गेलेलं फारसं परत येत नाही, पण उतरण्याचा वेग न ओढणाऱ्याइतका होतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर कंट्रोल-झेड नाही. पण पुढचं नुकसान थांबवता येतं.

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. म्हणजे उतार सुरू झालाय! रोज चार, डेडलाईन असली की सात. आपल्याला भराभर उतरणाऱ्यांत धरलंय की नाही, हे आधी कळायची सोय नाही. बाबांनाही ती नव्हती.

सोमवारी टपरीवर नुसता चहा घेतला. मंगळवारी मात्र एक ओढली, खोटं कशाला बोलू! त्यानंतर आजपर्यंत नाही.

येत्या शनिवारी माझी नळी आहे. अपॉइंटमेंट बाबांनीच घेतलीय.