उणे गेलं कुठे?

कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते. म्हणजे गाड्या मुंबईहूनच येतात हो, पण कोकण रेल्वेचे किलोमीटर रोह्यापासून मोजायचे. माणगाव साधारण ३०, रत्नागिरी २०० च्या आसपास. शेजारच्या स्टेशनाशी कुणाचा हिशेब नाही, प्रत्येकाचं नातं थेट शून्याशी. ड्रॉइंगमध्ये अशा मापांना ऑर्डिनेट डायमेन्शन म्हणतात.

मग पेण? ते रोह्याच्या अलीकडे चाळीसेक किलोमीटर. म्हणजे या हिशेबात पेण उणे ४०! (प्रत्यक्षात पेण मध्य रेल्वेत, तिथली मोजणी मुंबईपासून. पेणकरांनी मनाला लावून घेऊ नये.)

एकापुढे एक साखळीने मापं का देत नाहीत? कारण सूट साठत जाते. ओळीत पाच भोकं, प्रत्येक अंतराला ±०.१ मिमी, की पाचवं भोक ±०.५ पर्यंत सरकू शकतं. सगळी मापं शून्यापासून दिली तर पाचवंही ±०.१ मध्येच. सीएनसी मशीनलाही हेच सोयीचं. ऑपरेटर जॉबवर झीरो सेट करतो, पुढचे सगळे एक्स-वाय तिथून.

आता गंमत बघा. ऑटोकॅडमध्ये प्लेटच्या मधोमध शून्य ठेवून ऑर्डिनेट मापं टाका. उजवीकडचं भोक ६५, डावीकडचं ४०. उणे ४० नाही, नुसतं ४०! हा बग नाही, ड्रॉइंगच्या प्रचलित मानकांना धरून मुद्दाम केलंय. माप म्हणजे लांबी, लांबी कधी उणे नसते, आणि बाजू कुठली ते चित्रात दिसतंच की. डेटात उणे आहे, फक्त दाखवताना काढून टाकलंय. (आमच्या सॉफ्टवेअरमध्ये असं केलं तर टेस्टिंगवाले फाडून खातील.)

माणसासाठी ठीक आहे, पण मशीन चित्र बघत नाही. नकाशा काढून घेतला आणि हातात नुसतं "पेण ४०" राहिलं, तर पेण माणगाव ओलांडून पुढे जाऊन पडणार.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात "डाव्या सोंडेचा" म्हटलं की कुणाची डावी, हे कुणी विचारत नाही. मूर्तीची, बघणाऱ्याची नव्हे. पिढ्यानपिढ्या ठरलेलं आहे. पण समजा ड्रॉइंग पुण्यात बनलंय, आणि पंपाची प्लेट बनतेय रोह्याजवळ धाटावला, एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये. रात्रपाळीचा ऑपरेटर कागद बघून हाताने प्रोग्राम टाकतोय. कागदावर ४०, त्याने टाकले ४०. स्टेनलेसची प्लेट भंगारात आणि सकाळी बोलणी त्याला! कागदावर होतं तेच त्याने टाइप केलं, हे कोण ऐकून घेणार? "चित्र बघायला काय झालं होतं" हा युक्तिवाद मला तरी पटत नाही. पहाटे तीनला, चाळिसाव्या भोकाला, चित्र किती वेळा बघणार माणूस?

मग शून्य कोपऱ्यातच घ्या ना, सगळंच अधिक होईल! नेहमी जमत नाही. कोपरा बऱ्याचदा करवतीने कापलेला, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? ज्या मधल्या बोअरवर प्लेट बसणार, मापं तिथूनच हवीत. त्यापेक्षा सॉलिडवर्क्समध्ये असतो तसा भोकांचा तक्ता ड्रॉइंगवर द्यावा. त्यात एक्स आणि वाय चिन्हासकट येतात. ते जमत नसेल तर ऑटोकॅडमध्ये मापाच्या आकड्यापुढे हाताने उणे लिहावं. मानकवाले नाक मुरडतील, मुरडू देत.

झेडच्या बाबतीत हा घोळ सहसा होत नाही. तिथे शून्य बहुतेक वेळा जॉबच्या वरच्या पृष्ठभागावर, त्यामुळे मटेरियलमध्ये शिरायचं तर उणेच लागतं. विसरलात तर ड्रिल हवेतच फिरून परत येतं. ऑपरेटर हसतो, उणे टाकतो, पुन्हा बटण दाबतो. एक्समध्ये ही सोय नाही, भोक पडून गेलेलं असतं.